दीर्घ उकाराचे पाहुणे

३ सप्टेंबर

प्रिय लालपेन,

परवा या मोसमातला आपल्या संघाचा बाहेरगावचा पहिला सामना झाला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा बसमधली तुमची सात नंबरची सीट रिकामी. तिथे कुणी बसू नये म्हणून मी माझी रंगाची पिशवी ठेवली, तर ड्रायव्हर विचारतो, पेंटर, पिशवीला खिडकी कशाला, तिला काय बघायचंय? मी म्हटलं, जागा धरून ठेवलीये. माणूस लेकीकडे गेलाय, देवाघरी नाही.

एका गोलने हरलो. त्याचं एवढं काही नाही, पण बॅनरचं तुमचं टोक ड्रायव्हरने धरलं आणि ओली चादर वाळत घालावी तसं धरलं. तुम्ही धरायचात तेव्हा एक सुरकुती नसायची.

मला सारखा तो पहिला दिवस आठवत होता. परगावच्या मैदानावर पाहूण्यांच्या कोपऱ्यात मी एकटाच ‘पाहूणे आले’ घेऊन उभा होतो. आपण एकाच गावचे, चार गल्ल्या सोडून राहणारे, पण ओळख ना पाळख. तुम्ही मागून आलात आणि नमस्कार नाही, काही नाही, खांद्यावर बोट टेकवून म्हणालात, "हु पहिला हवा." मी म्हटलं, कोण पहिला? आमची तर मंडळी शेवटून दुसरी आहेत. मग सामना संपेपर्यंत आपण भांडलो. तेवढ्यात आपल्यांनी दोन गोल घातले, चुकीचाच बॅनर लाभला, म्हणून तो दुरुस्त करायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगा, तुमचीही झाली नाही. तुम्ही फक्त ‘आले’ची बाजू धरायला घेतलीत. म्हणालात, माझ्या हातात निदान बरोबर शब्द राहू दे.

तर महत्त्वाचं. सतरा मार्चला आपली मंडळी तुमच्या शहरात खेळायला येणार. वेळापत्रक मी दूकानात टांगलंय. तुम्ही त्या दिवशी कूठेही जायचं नाही. ड्रायव्हरला मी टोक मूळीच देणार नाही.

पाट्यांचा मजकूर लाल करून द्यायचात तसंच हे पत्रही लाल करून परत पाठवा. सवय मोडायला नको.

तुमचा,
पेंटर

१२ सप्टेंबर

पेंटर,

पत्र सोबत परत पाठवत आहे. लाल शाई चार ठिकाणी लागली: ‘पाहूण्यांच्या’, ‘दूकानात’, ‘कूठेही’, ‘मूळीच’. ‘पाहूणे आले’ हे बॅनरवरचे अवतरण असल्यामुळे त्याला हात लावला नाही.

चारही चुका एकाच जातीच्या आहेत, हे तुमच्या कधी लक्षात आले का? पहिला उकार हवा तिथे तुम्ही दुसरा देता. उलटे कधी करत नाही. छापखान्यात एकतीस वर्षे मी लोकांच्या चुका काढल्या. माणसे गोंधळून चुकतात. तुम्ही आवडीने चुकता. पहिला उकार आत वळतो आणि संपतो. दुसऱ्याला शेपूट काढता येते, आणि तुमच्या ब्रशला ती शेपूट सोडवत नाही. हे मला बाराव्या मोसमात कळले. बस पेट्रोल पंपावर बंद पडली होती आणि वेळ जाईना म्हणून तुम्ही त्या पंपवाल्याला पाटी रंगवून दिलीत, ‘धूम्रपान करू नये’. धूम्रपानाचा धू खरोखरच दुसरा आहे. भल्याभल्यांच्या कचेऱ्यांत तो चुकलेला असतो. तुमचा बरोबर आला, शेपटीच्या हौसेने का होईना. आणि खाली पेन्सिलची रेघ नाही, दोरा नाही, तरी आठ अक्षरे अशी उभी होती की मी बस दुरुस्त झाल्यावरही दोन मिनिटे पाहत राहिलो. तेव्हा बोललो नव्हतो. आता बोलतो.

लेकीचे घर चौथ्या मजल्यावर आहे. दारापासून गच्चीपर्यंत एक लांबच लांब पॅसेज आहे. एवढ्या जागेत एक खोली झाली असती, असे लेक म्हणते. गच्चीतून स्टेडियमच्या दिव्यांचे चार खांब दिसतात. सतरा मार्च कॅलेंडरवर लाल केला आहे. येईन.

लालपेन

२८ नोव्हेंबर

प्रिय लालपेन,

पत्राला ऊशीर झाला. गूडघा दुखतोय. शिडीवर चढायचं बंद, त्यामुळे पाटी खाली घेऊन खूर्चीवर बसून रंगवतो. शेजारचा काचवाला म्हणतो, पेंटर, आता तुम्ही साहेबासारखे दिसता. म्हटलं, साहेबाच्या नाकाला निळा रंग लागलेला पाहिलास का कुठे?

मधल्या काळात बाहेरगावी दोन सामने झाले. एक जिंकलो, एक बरोबरीत. दुसऱ्याला जाताना बस सकाळी सूटली ती दोन तासांनी टायर बसून रस्त्याच्या कडेला मूक्काम ठोकून राहिली. आपला खेळ मी एकट्याने खेळून पाहिला, रस्त्यातल्या पाट्या वाचायच्या आणि चुका मोजायच्या. तुम्ही खिडकीत बसून एका प्रवासात एकोणीस काढल्या होत्या आणि माझी झाली होती एक, तीही मीच रंगवलेल्या पाटीतली. या वेळी मी पून्हा पून्हा बघितलं, एकही सापडली नाही. एक तर लोक सुधारलेत, नाही तर मला तुमच्याशिवाय दिसत नाही.

काय डोळा होता तुमचा. धावत्या बसमधून तुम्ही अनुस्वार पकडायचात. मी लोकांना सांगतो तर ते म्हणतात, पेंटर थापा मारतो.

सतरा मार्चला तीन महिने आणि काही दिवस उरले. बॅनर काढून उन्हात घातलाय. तब्येत सांभाळा.

तुमचा,
पेंटर

१४ डिसेंबर

पेंटर,

पत्र मिळाले. सोबत परत. या वेळी लाल काही नाही.

गुडघ्याला शेक घ्या आणि शिडीचा मोह सोडा. काचवाल्याला माझा नमस्कार. टायरची गंमत लेकीला फार आवडली.

सतरा मार्चचे आताच नक्की सांगत नाही. त्या मैदानाला जिने फार आहेत आणि गर्दीही असते. ड्रायव्हर काही वाईट माणूस नाही. कापड कसे ताणायचे ते त्याला शिकवा, शिकेल.

लालपेन

९ जानेवारी

लालपेन यांस,

हे पत्र नातीकडून तपासून घेतलंय, म्हणजे तुम्हाला तसदी नको.

तुमचं गेलं पत्र आलं तेव्हा मी काय केलं ते आधी सांगतो. लाल काही नाही, हे वाचून मी उभाच राहिलो, गुडघ्यासकट. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. माझं ते पत्र मी दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलं, कोरं, एकही लाल खूण नसलेलं. काचवाल्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं. बसमध्ये ड्रायव्हरला खिशातून तुमची चिठ्ठी काढून वाचून दाखवली. तो म्हणाला, म्हातारपणी पास झालात. मी म्हटलं, परीक्षक कोण होता ते बघ. तुमच्या चिठ्ठीतल्या ओळी उजवीकडे वर चढत गेल्या होत्या. पाट्यांच्या धंद्यात मी पाहिलंय, मन खुशीत असलं की हात वर चढतो. म्हटलं, लालपेन लेकीकडे रमले.

मग शाळेला सुट्टी होती म्हणून नात दुकानात आली. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते. तिने भिंतीपुढे उभं राहून पत्र वाचलं आणि पर्समधून पेन काढलं. ऊशीर, गूडघा, खूर्ची, सूटली, मूक्काम, पून्हा. पून्हा तर लागोपाठ दोनदा. सगळ्या पहिल्या पानावर. म्हणाली, आजोबा, हे पास कुणी केलं?

मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. चुकांचं काही नाही, माझा जन्म त्यातच गेला. पण तुम्ही कधी एक चूक सोडली नाहीत, म्हणून मला वाटायचं, या जगात एक माणूस माझं अक्षर न् अक्षर वाचतो. माझ्या पाट्या हजारो लोक बघतात, वाचत कुणी नाही. बघतात आणि दुकानात शिरतात. तुम्ही वाचायचात.

आता न वाचताच परत पाठवलंत असं दिसतं. वर सतरा मार्चला टोक ड्रायव्हरला द्या म्हणता. कंटाळा आला असेल तर सरळ लिहा, पेंटर, पुरे झालं. मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण सांगणार नाही.

पेंटर

२० जानेवारी

पेंटर,

हे अक्षर माझ्या लेकीचे आहे, मजकूर माझा. मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे.

तुमचे नोव्हेंबरचे पत्र मी वाचले नाही, हे खरे आहे. वाचता आले नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग पडला आहे. कडेचे दिसते. भिंत दिसते, भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही. ज्या शब्दाकडे पाहावे नेमका तोच नाहीसा होतो आणि त्याचे शेजारी उरतात. डॉक्टर म्हणतात, याहून फार बिघडणार नाही, सुधारणारही नाही. गाव सोडले ते यासाठी. सप्टेंबरच्या पत्रातल्या तुमच्या चार चुका मी भिंग घेऊन दोन दिवसांत काढल्या. तेवढेच शेवटचे. डिसेंबरची चिठ्ठी मी हाताच्या सवयीने लिहिली. ओळी खुशीने चढलेल्या नाहीत, पेंटर. मला रेघ दिसत नव्हती.

तुमची पत्रे लेक वाचून दाखवते. आणि कानाला पहिला आणि दुसरा उकार कळत नाही. तिने ‘मूक्काम’ वाचले, मला मुक्काम ऐकू आला. अख्खे पत्र बरोबर ऐकू आले. लाल कुठे करणार? एकतीस वर्षे प्रुफे तपासलेल्या माणसाला हे लिहून कळवायची लाज वाटली. म्हणून ‘लाल काही नाही’ असे लिहिले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. तुम्ही ते भिंतीवर लावाल असे वाटले नाही. माफ करा.

एक गोष्ट मात्र मिळाली. चोवीस वर्षे तुमचा मजकूर मी चुका शोधत वाचला. आता पहिल्यांदा नुसता ऐकला. तुम्ही किती छान लिहिता हो. निळ्या नाकाच्या साहेबापाशी लेक हसून थांबली, तिला पुढे वाचता येईना. तो भाग मी तीनदा मागून घेतला.

मार्चला मी येणार नाही. ज्याला चेंडू दिसत नाही त्याला सांभाळत बसून तुम्ही तुमचा सामना घालवावा, हे मला नको. आणि बॅनरचे टोक हातात धरायचे, पण त्यावरचे वाचता यायचे नाही, हे तर अजिबातच नको.

लालपेन

पेंटरकाका, हे माझं. बाबा तुमचं पत्र आलं की आधी कागदाचा वास घेतात, टर्पेंटाइनचा. खूप मोठी अक्षरं असली तर कडेच्या नजरेने त्यांना अजून जमतात, बसवरचे आकडे वगैरे. पण एवढ्या मोठ्या अक्षरात कोण काय छापणार?

५ फेब्रुवारी

पोरी,

हे चिठोरं तुझ्यासाठी, कापडाची गुंडाळी बाबांसाठी. तुमच्या त्या लांब पॅसेजमध्ये ती दारापासून उलगडत ने. उजेड सगळा चालू ठेव. बाबांना आधी काही वाचून दाखवायचं नाही, काय आहे तेही सांगायचं नाही. नुसतं एका टोकाला आणून उभं कर.

मी त्यांना नाही नाही ते लिहिलं. एवढी वर्षं शेजारी बसलो आणि मला ओळखता आलं नाही. त्यांचं खिडकीतलं बघणं गेल्या मोसमातच कमी झालं होतं. मला वाटलं, पाट्या सुधारल्या.

गुंडाळीवर वीतवीत उंचीची अक्षरं आहेत, पिवळ्यावर काळी. शिडी नको, खुर्ची नको, दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून रंगवली. काचवाला म्हणाला, साहेब पुन्हा पेंटर झाला. मजकूर नातीने तपासलाय, हे चिठोरंही.

गुंडाळीवर आहे ते असं:

लालपेन, चेंडू मी सांगतो. टोक तुम्ही धरा. १७ मार्च.

तुझा,
पेंटरकाका

१६ फेब्रुवारी

पेंटर,

तुमचे पत्र मी चालत वाचले.

लेकीने मला दारापाशी उभे केले आणि ती बाजूला झाली. खाली पिवळे काहीतरी पसरलेले होते. सरळ पाहिले की नाहीसे होई, म्हणून मी भिंतीकडे पाहत, चोरट्यासारखा, डोळ्याच्या कडेने पाहू लागलो. आधी एक उभी रेघ सापडली. ती तुमची आहे हे मला लगेच कळले. खाली येताना जराशी जाड होते आणि टेकण्याआधी थांबते. मग ‘ल’. मग एक पाऊल. ‘लालपेन’ला चार पावले लागली. गच्चीच्या दाराशी ‘मार्च’ संपला तेव्हा लेक स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगीचच आपटत होती. मी परत फिरलो आणि पुन्हा वाचले. दिवसाकाठी तीनदा वाचतो. गुंडाळी उचलू देत नाही. शेजारीण आली तर तिलाही कडेने चालावे लागते.

पाच महिन्यांत स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला हा पहिला मजकूर. चूक एकही नाही. या वेळी पाहून सांगतो आहे. ‘चेंडू’चा डू दुसरा, बरोबर. ‘तुम्ही’चा तु पहिला, बरोबर. तो पहिला देताना ब्रशची शेपूट आवरणे तुम्हाला किती जड गेले असेल, ते जाणणारा माणूस माझ्याशिवाय दुसरा नसेल.

येतो. जिन्यांसाठी लेक बरोबर असेल. आणि चेंडू सांगताना थापा चालणार नाहीत.

लालपेन

२४ मार्च

प्रिय लालपेन,

बस सुखरूप पोहोचली. सात नंबरवर पिशवी होती, पण येताना मीच तिला खाली ठेवून तिथे बसलो आणि पाट्या वाचत आलो. तीन चुका सापडल्या. यादी मागे लिहिली आहे. पत्र नातीने तपासलंय.

सामन्याचं तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही होतात. तरी नातीला रोज सांगतो, तेच तुम्हाला सांगतो. तुम्ही विचारायचात, चेंडू कुठे? मी म्हणायचो, त्या हिरव्या बुटांकडे, आता त्या मळक्या पिवळ्याकडे. शेवटी तुम्ही म्हणालात, "पेंटर, रंग नको, दिशा सांगा." मागच्या रांगेतले सगळे हसले आणि मग तेच दिशा सांगायला लागले, एकाच वेळी चौघं, चार दिशा. आणि आपला बरोबरीचा गोल झाला तेव्हा मी बघतच राहिलो, सांगायचं विसरलो. तुम्ही आधी ओरडलात. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणालात, तुम्ही गप्प झालात.

पण मी हे पत्र वेगळ्याच कारणाने लिहितोय.

तो नवा बॅनर मी तुमच्यासाठी केला होता. जुन्याची अक्षरं लहान पडली असती, म्हणून एकेक अक्षर हातभर केलं. आणि चोवीस वर्षांचं देणं म्हणून शब्द बरोबर लिहिला. ‘पाहुणे आले’. हु पहिला. तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून मान वाकडी करून वाचलंत. मी वाट बघत होतो, आता काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "अक्षर स्वच्छ आहे." बस्स. मला जरा लागलं. मग तुम्ही ‘आले’ची बाजू सोडून ‘पाहुणे’ची बाजू मागून घेतलीत. म्हटलं, चला, आता लाज नाही वाटत त्यांना. मध्यंतरात मला आणि पोरीला चहा आणायला पाठवलंत. दोघांनाही. माझी पिशवी तुमच्या पायाशी होती.

पोहोचलो त्याच दिवशी दुकानात बॅनर वाळवायला पसरला. दव लागलं होतं. ‘पा’ ठीक, ‘णे’ ठीक, आणि मधल्या ‘हु’ला लाल शेपूट. माझ्याच डबीतला लाल, माझ्याच बारीक ब्रशने ओढलेली. रेघ थोडी वर चढलीये, शेवटी थरथरलीये, पण जिथून निघायला हवी तिथूनच निघालीये. हाताने चाचपून उकार शोधला असणार तुम्ही. कापडाच्या कडेला, मजकूर तपासून झाला की करायचात ती तुमची तिरकी खूण आणि खाली सही.

मी खुर्ची ओढून समोर बसलो.

नात शाळेतून आली. म्हणाली, आजोबा, काय हे, बरोबर होतं ते कुणी चुकवलं? रंग अजून पक्का नाही, थांबा, पुसून देते. फडकं भिजवून उभी राहिली.

मी म्हटलं, हात लावू नकोस. ते तपासून आलंय.

तुमचा,
पेंटर